मिसलेनियस इन्कम

३१ मेला, तंबाखूविरोधी दिनाला, आमच्या जुन्या ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने लिहिलं, "आपलं ऑफिस किती शिस्तीचं होतं बघा! सिगरेटबंदी आली आणि आपल्याकडे केस झाली ती फक्त एक." खाली अंगठे, टाळ्या, जोडलेले हात. मी काहीच टाकलं नाही. त्या एका केसची एंट्री टॅलीत मीच मारली होती, आणि ती आठवली की आजही माझं डोकं फिरतं.

ऑफिस फोर्टात होतं. क्लिअरिंग-फॉरवर्डिंगचा धंदा, जुनी दगडी इमारत, लाकडी जिना. एसी बसवला तेव्हापासून खिडक्या बंद त्या बंदच. साहेबांच्या केबिनचं पार्टिशन छतापर्यंत पोचत नव्हतं, वर हातभर जागा मोकळी होती. साहेब आत ओढायचे आणि धूर वरून आमच्या अकाउंट्सवर उतरायचा. संध्याकाळी डोंबिवलीला घरी पोचले की सासूबाई पदराचा वास घ्यायच्या आणि काही न बोलता साडी वेगळ्या बादलीत टाकायच्या. एकदा मात्र विचारलंच, "खरं सांग, कोण ओढतं? तू की तुझे साहेब?" माझी मुलगी पोटात असताना मी टेबल बदलून मागितलं होतं. दाराशेजारी, टेलेक्सचं जुनं मशीन पडलं होतं त्या कोपऱ्यात जागा मिळाली. त्या कोपऱ्यात एसी पोचत नव्हता, धूर पोचत होता.

म्हणजे बंदीची वाट मी किती पाहत होते ते सांगायला नको. आपल्या मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर २००१ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने हॉस्पिटलं, शाळा, लायब्ररी, कोर्टं, सरकारी कचेऱ्या, रेल्वे यांत सिगरेट बंद केली, तेव्हा आम्ही खाजगीवाले नुसते बातमी वाचत राहिलो. २००३ चा कायदा आला, तरी आमच्या केबिनला त्याची झळ नव्हती. मग अंबुमणी रामदास आरोग्यमंत्री असताना नवे नियम निघाले आणि २ ऑक्टोबर २००८ पासून हॉटेल, बार, पब, डिस्को, कँटीन यांच्याबरोबर कामाच्या जागाही बंदीत आल्या. हॉटेलवाले आणि सिगरेटवाले कोर्टात धावले होते, पण स्थगिती मिळाली नाही. गांधीजयंतीची सुट्टी. दुसऱ्या दिवशी मी डब्यात शिरा नेला आणि सगळ्यांना वाटला. साहेबांनीही चमचाभर खाल्ला. कशाबद्दल ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

नियमाप्रमाणे दाराशी बोर्ड लागला. साठ सेंटिमीटर बाय तीस, पांढऱ्यावर सिगरेटचं चित्र आणि त्यावर लाल पट्टा. कुणी ओढताना दिसलं तर तक्रार कुणाकडे करायची त्या माणसाचं नाव बोर्डावर टाकावं लागतं. आमच्या बोर्डावर नाव होतं साहेबांचं. जागेचे प्रमुख तेच, मग दुसऱ्या कुणाचं टाकणार? अॅडमिनच्या माणसाने ते पेंटरकडून सुबक अक्षरात लिहून घेतलं होतं. मी रोज त्या नावाखालून आत यायची आणि त्याच नावाचा धूर नाकात घ्यायची. प्रमुखाने तक्रार येऊनही काही केलं नाही, तर जितके गुन्हे तितके दंड त्याच्यावर, असंही त्या नियमांत आहे. साहेबांची रोजची पाकिटं मी मोजली नाहीत, पण त्यांचं बिल दर महिन्याला माझ्याच टेबलावर यायचं. खालच्या पानवाल्याची वही असायची. सिगरेटी, माचिस, पाहुण्यांसाठी मसाला पान, सगळं एकत्र. ते मी कुठल्या हेडखाली टाकायची? 'बिझनेस प्रमोशन'. कायदा आल्यावरही तेच हेड आणि तीच वही. आणि ती पाकिटं वर आणून द्यायचे आमचे शिपाई मामा.

मामा पाटणकडचे. खोली लालबागला, गाववाल्यांत मिळून. बिडी ओढायचे, पण ऑफिसात कधीच नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे जिन्याला वळण होतं, तिथल्या उघड्या खिडकीत उभे राहून ओढायचे. थोटूक विझवून डबीत ठेवायचे. खाली टाकलेलं मी कधी पाहिलं नाही.

त्या हिवाळ्यात एका परदेशी शिपिंग लाइनची माणसं ऑफिस बघायला यायची होती. त्यांच्यासाठी फाइली लागल्या. आगीची उपकरणं, फर्स्ट एडची पेटी, आणि धूम्रपानबंदीचं रजिस्टर. अॅडमिनच्या माणसाने रजिस्टर आणलं, रेघा मारल्या, तारीख, नाव, जागा, दंड, सही असे रकाने पाडले. मग तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "मॅडम, कोरं रजिस्टर दाखवलं तर वाटेल आपण अंमलबजावणीच करत नाही. एखादी तरी एंट्री पाहिजे." मला वाटलं, गंमत करतोय. मी म्हटलं, "मग केबिनमध्ये जा की." तो हसला. मीही हसले.

दुपारी त्याने मामांना जिन्यात पकडलं. पकडलं काय, जाऊन उभा राहिला. मामांना वाटलं चहा सांगायला आलाय. रजिस्टरवर सही घेतली. जिना इमारतीचा, ऑफिसचा नाही, खिडकी सताड उघडी. तिथे उभा असलेला माणूस आमच्या ऑफिसचे नियम मोडतो का, हे विचारायला तिथे वकील कोण होता? दंड दोनशे रुपये. रोख नव्हते, म्हणून पगारातून कापायचे ठरलं. मामा मला येऊन म्हणाले, "ताई, या महिन्यात नको, पुढच्यात कापा. गावी पैसे पाठवायचेत." मी ते अॅडमिनला सांगितलं. तो म्हणाला, "तारीख या महिन्याची आहे ना."

आता माझं काम. दोनशे रुपये पगारातून वळते केले, ठीक. क्रेडिट कुठे करायचे? दंड सरकारचा असतो. अशा पैशाची रीतसर पावती हवी, तो सरकारजमा व्हायला हवा. मी विचारलं, पावती कुठाय, चलन कुठे भरायचं? अॅडमिन म्हणाला, साहेबांना विचारतो. साहेबांनी केबिनमधून, हातात पेटती सिगरेट असताना, पार्टिशनवरून ओरडून सांगितलं, "अहो, मिसलेनियसमध्ये टाका!" टाकले. टॅलीत नॅरेशन लिहावं लागतं. मी लिहिलं, 'धूम्रपान दंड, शिपाई, जिना'. 'जिना' हा शब्द मुद्दाम लिहिला. कधी ऑडिटरच्या डोळ्यांत भरेल आणि तो विचारेल, अशी वेडी आशा होती. तो आला, त्याला पानवाल्याचं बिलही दिसलं, जिनाही दिसला. त्याने टीडीएसबद्दल विचारलं. मार्चअखेर ते दोनशे रुपये कंपनीच्या नफ्यात गेले. बिझनेस प्रमोशन खर्चाच्या बाजूला, मामांची बिडी उत्पन्नाच्या बाजूला, एकाच पानावर.

पाहुणे आले, रजिस्टर पाहिलं, मान डोलावली. आत साहेबांनी त्यांच्यापुढे पाकीट धरलं. गोऱ्याने घेतली नाही, एवढं खरं.

मामांना मी चार दिवसांनी म्हटलं, फार वाईट झालं. तर ते दोनशेबद्दल बोलायलाच तयार नव्हते. त्यांचा राग वेगळाच होता. अॅडमिनने जिन्यातली ती खिडकी खिळे ठोकून बंद करवली होती, आणि मामा तिथेच दुपारचा डबा खायचे. "बिडी मी खाली जाऊन बी वडीन. पर वारं कुठनं आणू?" मी दंडावर फणफणत होते, ते वाऱ्यावर.

पुढे ऑफिस अंधेरीला काचेच्या इमारतीत गेलं. तिथे छताला स्मोक डिटेक्टर. साहेबांनी पहिल्या आठवड्यात केबिनमध्ये पेटवली तशी अख्ख्या मजल्यावर बोंब झाली. मला किती बरं वाटलं ते लिहायलाही लाज वाटत नाही. सिक्युरिटीवाल्याने त्यांना गेटच्याही बाहेर जायला सांगितलं. बंदी अशी हवी, माणूस न बघणारी, असं मी तेव्हा ठरवून टाकलं. साडी धुवायची वेगळी बादली आमच्या घरातून गेली.

पण पुढचं पाहून मी पुन्हा गोंधळले. साहेब आता दिवसातून चार वेळा टपरीवर उतरायचे. त्यांच्याबरोबर ऑपरेशन्सचे दोघे, मार्केटिंगचा एक. वीस-वीस मिनिटं. आणि हळूहळू सगळं तिथेच ठरायला लागलं. कुणाला न्हावाशेवाला पाठवायचं, कुणाचं प्रमोशन, कोणत्या पार्टीला किती दिवस उधारी. वर येऊन आम्हाला नुसतं सांगायचे. आम्ही बायका आणि न ओढणारे दोन-तीन पुरुष डेस्कवर स्वच्छ हवेत बसलेलो. माझ्या एका हुशार सहकारी मुलीने शेवटी चहाचा ग्लास हातात धरून टपरीवर उभं राहायला सुरुवात केली, सिगरेट न ओढता. पुढच्या वर्षी तिला बढती मिळाली. पूर्वी निदान पार्टिशनवरून धुराबरोबर बोलणंही ऐकू यायचं.

म्हणून बंदी नको होती का? छे. नाकाला आणि फुप्फुसाला जे सुख मिळालं ते मी कुणाला परत देणार नाही. फक्त २०२० मध्ये दंड दोनशेवरून दोन हजार करायचा मसुदा निघाला, तेव्हा ग्रुपवर सगळे "व्वा" म्हणत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे ते रजिस्टर. दोन हजार कुणाच्या पगारातून? मोठ्या हॉटेलांना आणि तीस किंवा जास्त खुर्च्यांच्या रेस्टॉरंटांना वेगळी स्मोकिंग रूम ठेवायची मुभा होती, तीही त्या मसुद्यात काढून टाकायची होती. ते मला जास्त पटलं होतं. जिन्यातल्या माणसाला खोली कोण देतो?

पबवाल्यांचा युक्तिवाद नेहमीचा, ज्याला त्रास होतो त्याने येऊ नये. गिऱ्हाईकाचं ठीक आहे हो. वेटरने कुठे जायचं? माझ्या नणंदेचा मुलगा लोअर परळच्या एका पबमध्ये काम करतो. स्मोकिंग रूममध्ये काही सर्व्ह करायचं नाही असा नियम २०१७ मध्ये आला, पण ट्रे आत जातोच, असं तो सांगतो. बोर्ड आहे, आपोआप बंद होणारं दार आहे, सगळं कागदावर चोख. मी त्याला म्हटलं, मॅनेजरला लेखी दे, माझी ड्यूटी आत लावू नका म्हणून. मीच मसुदा लिहून देते. तर तो म्हणाला, "मामी, काहीतरीच काय? आतली ड्यूटी मी मागून घेतो. टिप आतच चांगली मिळते."

मी त्याला बरंच सुनावलं. नणंद म्हणाली, जाऊ दे, जेव आधी.