हराळीची काशी

राहुरी तालुक्यांतील आमच्या गांवीं दूध-संकलनाचा हिशेब पूर्वीं वडील ठेवीत; आतां तें काम मजकडे आलें आहे. २००३ च्या एक्सेलमध्यें त्यांनीं एक हिशेबवही रचिली होती. तिच्या माथ्यावर 'फाइल', 'एडिट' यांच्या रांगेंत त्यांनीं 'दूध-हिशेब' नांवाचा स्वतःचा मेनू बसविला होता. दुधाचें माप, फॅट व एस.एन.एफ. भरून त्यांतील 'दर काढा' ही आज्ञा दाबिली, कीं दहा दिवसांचा पगार क्षणांत निघे.

पुढें संगणक बदलला. एक्सेलच्या २००७ च्या आवृत्तींत मेनूंची जुनी रांग जाऊन 'रिबन' आली, आणि असले घरगुती मेनू 'ॲड-इन्स' या सदरांत जाऊन बसले. नवे दर मीं निराळ्या कोष्टकांत मांडिले. २०२४ सालीं जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें, तेव्हां वहीचा मथळाहि बदलला. जुना मेनू मात्र राहूं दिला. वाटलें, बिचारा कोणाचें काय खातो!

एके दिवशीं धाकट्या भावानें चुकून तोच मेनू दाबिला. आंत दर जुना, कमी. दुसऱ्या दिवशीं एक आजीबाई पावती घेऊन दारांत उभ्या. म्हणाल्या, "बाळा, माझी गाय आटली न्हाई, मंग पैसं कसं आटलं?" मला मान वर करवेना.

त्याच रात्रीं मेनूवर माउसची उजवी कळ दाबून 'डिलीट कस्टम कमांड' ही आज्ञा दिली. मेनू गेला, परंतु सकाळीं वही उघडतांच पुन्हा हजर! वडील हंसून म्हणाले, "हराळी वरून कापून जाते होय? काशी खणावी लागते."

वही उघडतांच आपोआप चालणारा एक मॅक्रो तो मेनू दरवेळीं नव्यानें उभारीत होता. खणण्यापूर्वीं वडिलांनीं वहीची एक प्रत जपून ठेवावयास लाविली व मॅक्रोची प्रत्येक ओळ वाचावयास सांगितली. बरें झालें! पेंडीची उचल वजा करण्याचा नियम त्यांतच होता. तो आधीं नव्या कोष्टकांत उतरविला. मग मेनू उभारणाऱ्या ओळी काढिल्या, आणि शेवटीं मेनू. तो पुन्हा उगवला नाहीं. आजीबाईंचे राहिलेले पैसे मीं स्वतः त्यांच्या घरीं नेऊन दिले.

विद्यार्थी मित्रांनो, जुनें तेवढें टाकाऊ नसतें. तें वाचून, त्यांतील कामाचें ठेवून मगच टाकावें. पण जें टाकावयाचें, तें मुळासकट. कारण आपल्या आळसाची किंमत पुष्कळदां दुसऱ्याच्या पदरांतून वजा होते.