लेस्टरचं घर आणि मेहरूणची वरची खोली

आमच्या खान्देशातली माणसं घर सोडून गेली तर बहुतेक सुरतेला जातात. जळगावहून गाडीत बसायचं, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत उधन्याला उतरायचं. तिथल्या वस्त्यांत आजही अहिराणी कानावर पडते आणि सणावाराला माणूस गावी परत येतो. कोकणातल्या आपल्या बांधवांना आफ्रिका आणि आखात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आम्हाला ती सवय नाही. म्हणून मुलगा इंग्लंडला निघताना "दोन वर्षांत येतो" म्हणाला, ते आम्ही खरं मानलं. मेहरूणच्या आमच्या घरावर त्याच्यासाठी वरचा मजलासुद्धा चढवला.

सहा वर्षं झाली. २०२२ च्या ऑक्टोबरात त्याचा फोन आला, "अम्मी, अब्बा, लेस्टरला घर घेतोय. डिसेंबरात ताबा मिळेल. नाताळात तिथे सगळं बंद असतं, त्याआधी घर लागलं पाहिजे. तुम्ही दोघं या." आम्ही मुबारकबाद दिली, दुआ दिली. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ एकमेकांशी बोललो नाही.

मग सामानाची धांदल उडाली. कळण्याचं पीठ, बिबडे, नागलीचे पापड, काळा मसाला, केळीचे वेफर्स. सूनबाई धुळ्याची, तेव्हा तिच्या माहेरचाही हक्क होताच. विहीणबाईंनी घरी कढवलेल्या तुपाचा डबा पाठवला. आपल्याकडून ब्रिटनमध्ये मांस आणि दूध-तुपाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून तो ठेवावा लागला. आम्ही तूप मुद्दाम ठेवून घेतलं असं धुळ्यात अजून बोललं जातं. संपवलं आम्हीच, हे खरं आहे.

लेस्टर हे कापड आणि पादत्राणांच्या कारखान्यांचं जुनं शहर. मोजे-बनियनांच्या गिरण्या बंद पडल्या, पण कामगारांसाठी बांधलेल्या लाल विटांच्या, एकमेकांना भिंत लावून उभ्या घरांच्या रांगा राहिल्या. मुलाचं घर नॉर्थ एव्हिंग्टन भागात अशाच एका रांगेत आहे. पुढचं दार थेट फुटपाथवर उघडतं, मागे चादरीएवढं अंगण. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या, मध्ये इतका उभा जिना की आमच्या गुडघ्यांनी पहिल्याच दिवशी तक्रार केली. २०२१ च्या जनगणनेत या शहरात ख्रिस्ती सुमारे पंचवीस टक्के, मुस्लिम साडेतेवीस आणि हिंदू अठरा टक्क्यांच्या आसपास निघाले. ग्रीन लेन रोडवर भाजी घेताना आपण परदेशात आहोत हे थंडीच सांगते.

पैशांचा प्रश्न आमच्या मनात जळगावपासूनच होता. व्याजाच्या कर्जावर घेतलेल्या घरात आम्ही कोणत्या तोंडाने फातिहा वाचणार होतो? पहिल्या रात्री विचारलंच. मुलाने कागद पुढे ठेवले. बँक आणि तो मिळून घराचे भागीदार. बँकेच्या हिश्शाचं तो भाडं देतो आणि दर महिन्याला तिचा थोडा हिस्सा विकत घेतो, म्हणजे भाडं कमी होत जातं. अशा व्यवहारात घर दोनदा हस्तांतरित झाल्यासारखं दिसतं, त्यामुळे पूर्वी मुद्रांक शुल्कही दोनदा लागायचं. २००३ मध्ये तिथल्या सरकारने ते एकदाच केलं. हप्ता नेहमीच्या कर्जापेक्षा जड पडतो, हेही त्याने लपवलं नाही. आमची सगळी शंका फिटली असं म्हणणार नाही. पण मुलाने विचारपूस करून पाऊल टाकलं, याचं समाधान वाटलं.

किब्ल्याची गंमत वेगळीच. जन्मभर आम्ही पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढलो. तिथे मक्का आग्नेयेला. फोनवर दिशा पाहिली तर मुसल्ला खोलीत तिरका पडायचा, कपाटाच्या कोपऱ्याकडे तोंड करून. पाय मात्र सवयीने पश्चिमेकडे वळायचे. डिसेंबरात तिथे सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो आणि चारच्या आत मावळतो. जोहर आटोपून चहा ठेवावा तोवर असर, आणि कप धुवेपर्यंत मगरिब. मुलाच्या घरी जेवणाची वेळ कशी ठरते हे आम्हाला शेवटपर्यंत उमगलं नाही.

त्या वर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात इंग्लंडभर कडाक्याची थंडी पडली, पारा शून्याच्या खाली. गॅस-वीज आधीच महागलेली, सरकारने त्या हिवाळ्यासाठी प्रत्येक घराला वीजबिलात ४०० पौंडांची सूट दिली होती. नव्या घरातल्या तिसऱ्या सकाळी बॉयलर गुडगुडला आणि बंद पडला. सूनबाई रुग्णालयात नर्स आहे, ती पहाटेच ड्यूटीवर गेली होती. मुलगा फोनवर फोन करत होता, पण नाताळ जवळ आलेला, कोणताच मिस्त्री चार दिवसांच्या आत येईना. पाच वर्षांचा नातू दोन स्वेटर घालून रजईत. आम्ही त्याचे पाय चोळत बसलो आणि मनात मेहरूणचं ऊन आठवत होतो. रागही आला. कशाला हवं होतं हे घर?

शेजारचे काका आले ते किटली घेऊनच. मूळ नवसारीकडचे, जन्म कंपालाचा. त्यांनी मागच्या भिंतीवरून जाणारी एक पांढरी प्लास्टिकची नळी दाखवली. बॉयलरमध्ये वाफेचं जे पाणी होतं ते तिच्यातून बाहेर जातं. ते गोठलं की बॉयलर स्वतःहून थांबतो. उकळतं नाही, कोमट पाणी हळूहळू ओतायचं. त्यांनी ओतलं, आम्ही किटल्या भरून दिल्या. अर्ध्या तासाने बटण दाबलं आणि रेडिएटर तापायला लागले.

काका गुजराती बोलत होते, आम्ही अहिराणीमिश्रित मराठी, आणि कुणाचंच अडलं नाही. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना देश सोडायला नव्वद दिवस दिले, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. सुमारे २८,००० माणसं ब्रिटनमध्ये आली. लेस्टरच्या महापालिकेने तर युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, की शहर भरलं आहे, इकडे येऊ नका. "ती वाचूनच लेस्टर नावाचं गाव आहे हे कळलं," काका हसत म्हणाले. लष्कराच्या एका जुन्या छावणीत त्यांचा पहिला हिवाळा गेला. शेजारच्या गोऱ्या बाईने पहिल्या आठवड्यात दुधाची बाटली आणि काड्यापेटी आणून दिली होती, तिचं नाव त्यांना अजून पाठ होतं. "कंपालाच्या घराची किल्ली अम्मीने मरेपर्यंत उशाखाली ठेवली," ते म्हणाले, आणि किटली उचलून गेले.

आभार म्हणून भरीत करायचं ठरवलं. आमच्याकडे वांगी पऱ्हाटीच्या जाळावर भाजतात. तिथे ग्रिलखाली ठेवली. काळी जांभळी, बोटभर लांब, बामणोदच्या वांग्याची सर कुठून येणार? तरी वास सुटला, आणि त्याबरोबर छतावरचा धुराचा भोंगा असा कोकलला की पलीकडच्या घरातल्या आजीही धावत आल्या. त्यांनाही ताटभर दिलं. चोवीस तारखेला त्यांनी दारातून कार्ड आणि संत्री आत सारली.

पंचवीसला शहर निपचित पडलं होतं. बस नाही, गाडी नाही, दुकानं बंद. सूनबाईने त्या दिवशीची ड्यूटी मागून घेतली होती, ख्रिस्ती मैत्रिणींना घरी राहता यावं म्हणून. मुलगा तिला सोडून आला आणि आम्ही चौघं कळण्याच्या भाकरीवर बसलो. शाळेच्या नाटुकल्यात मेंढी झालेला नातू विचारत होता, बाळ ईसांना थंडी वाजली नसेल का? आम्ही त्याला कुरआनातल्या सूरह मरियममधला प्रसंग सांगितला: खजुराचं झाड, पायाशी वाहणारा झरा, ओली गोड फळं. "मग तिथे जळगावसारखं गरम असेल," तो म्हणाला.

त्या रात्री मुलाने चाचरत विषय काढला. "वरचा मजला भाड्याने देऊन टाका. रिकामं घर खराब होतं." आम्ही हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

जानेवारीत परतलो. मेहरूणची बोरं पिकली होती. वर गेलो तर न वापरलेल्या नळाला गंज चढलेला, खिडकीत कबुतरांनी घर केलेलं. आठ दिवस झाडलं, चुना लावला. फेब्रुवारीत शिरपूरचं एक तरुण जोडपं राहायला आलं, तो शाळेत शिक्षक. संध्याकाळी आम्ही दुधाची पिशवी आणि काड्यापेटी घेऊन वर गेलो. नळाला पाणी कोणत्या दिवशी येतं ते सांगितलं, टाकीच्या मोटारीचं बटण दाखवलं आणि किल्लीचा दुसरा जोडही त्यांच्याच हातात दिला.