राक्षसाचा जीव आणि पोराच्या दंडावरचा तावीज

राक्षस मरत नाही, कारण त्याचा जीव त्याच्या अंगात नसतोच. तो असतो पोपटात, पोपट पिंजऱ्यात आणि पिंजरा सात समुद्रांपलीकडे. ही गोष्ट कुणाला आजीने सांगितली, कुणाला दादीने. अलिफ लैलातल्या सैफुल मुलूकच्या किस्स्यात जिन्नाचा जीव चिमणीच्या पोटात आहे. चिमणी डबीत, डबी डब्यात, असं करत सगळं संगमरवरी पेटीत बंद करून समुद्रात सोडलेलं. १८६८ साली मेरी फ्रिअर यांनी ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक काढलं. त्यांच्या आया ॲना लिबेराटा डिसोझा यांनी सांगितलेल्या या दख्खनच्या गोष्टी. त्यातल्या एका जादूगाराचा जीव हिरव्या पोपटात आणि तो पोपट रानात, सहा घागरींच्या उतरंडीखाली.

माझ्या नववी-दहावीच्या मुलांना हीच गोष्ट आता ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मधून भेटते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत हा खेळ आणला. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. खेळाच्या जुन्या नियमांत राक्षसांचे सरदार आपला प्राण एका तावीजात ठेवून तो लपवतात. तावीज ज्याच्या हाती लागला, राक्षस त्याच्या मुठीत. ‘लिच’ नावाचा मुडदा जादूगारही तसाच. त्याचं शरीर कितीही वेळा तोडा, जीवाची पेटी शाबूत असेल तर तो नव्या शरीरात परत येतो. ‘रेव्हनलॉफ्ट’ या खेळातल्या भयकथांच्या दुनियेत अझालिन नावाचा राजाच लिच आहे.

काही पालक विचारतात, “मॅडम, हे हराम तर नाही ना?” मी सांगते, पोरगं गोष्ट खेळतंय, अकीदा बदलत नाही. आपल्या बुजुर्गांनी जादूगारांनी भरलेली ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ रात्र-रात्र ऐकली आणि फजरला उठून नमाजही पढली.

मला खटकतं ते वेगळंच. या पेटीला खेळात ‘फायलॅक्टरी’ म्हणत. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ राखण करणारी वस्तू. पण इंग्रजीत हाच शब्द यहुदी लोकांच्या ‘तेफिलिन’साठी वापरतात. तेफिलिन म्हणजे तोराहच्या ओळी लिहिलेल्या पट्ट्या आत ठेवलेल्या चामड्याच्या दोन छोट्या काळ्या डब्या. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी त्या दंडावर आणि कपाळावर बांधतात. खेळाच्या पुस्तकात लिचच्या पेटीचं वर्णन काय होतं? धातूची बंद डबी, आत मंत्र लिहिलेल्या चर्मपत्राच्या पट्ट्या. यहुदी खेळाडूंनी हरकत घेतली, की आमच्या इबादतीची वस्तू तुम्ही मुडद्याच्या गळ्यात बांधली. ‘पाथफाइंडर’ या दुसऱ्या खेळाने तो शब्द काढून ‘सोल केज’, म्हणजे आत्म्याचा पिंजरा, हा शब्द घेतला. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०२५च्या राक्षसांच्या पुस्तकात ‘स्पिरिट जार’ आलं, म्हणजे आत्म्याची बरणी. खेळाचं काही बिघडलं नाही. लिच पूर्वीइतकाच भीतिदायक आहे.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर वर्गातला एक मुलगा आला. त्याच्या दंडावर काळ्या दोऱ्यात चांदीचा तावीज असतो. मधल्या सुट्टीत पोरांनी त्याला घेरलं, “याच्यात कुणाचं भूत कोंडलंय रे?” तो हसला, पण दुसऱ्या दिवसापासून पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून येऊ लागला. तावीज घालावा की नाही यावर आपल्यात मतभेद आहेत आणि ती चर्चा आपण जरूर करावी. पण त्या चांदीच्या डबीत भूत नाही. तापाने फणफणलेल्या लेकरापाशी रात्रभर जागलेल्या आईची काळजी आहे. पोरांचा तरी काय दोष? पडद्यावर त्यांनी तावीज पाहिला तो भुताच्याच गोष्टीत.

बोट फक्त दुसऱ्यांकडे दाखवून चालणार नाही. मी उर्दूही शिकवते आणि मराठीही. उर्दू दास्तानांत ‘देव’ म्हणजे शिंगं असलेला अक्राळविक्राळ राक्षस. हा शब्द फारसीतून आला. पहिल्या तासाला देवाचं डोकं उडवलं म्हणून टाळ्या पडतात आणि दुसऱ्या तासाला मी ज्ञानदेव-नामदेव शिकवते. हजारो वर्षांपूर्वी इराणात आणि इथे एकाच शब्दाच्या दोन वाटा झाल्या. तिकडे ‘दएव’ दुष्ट ठरले आणि ‘अहुर’ पूज्य, इकडे देव पूज्य आणि असुर दुष्ट. शेजारी ज्याला हात जोडतो, तोच शब्द आपल्या गोष्टीत राक्षसाला लागलेला. म्हणून दास्तान शिकवताना मी आधी हा शब्द फोडून सांगते. पाच मिनिटं जातात, पण कुणाचं मन दुखत नाही.

गोष्टीतल्या शहजाद्याने पोपटाची मान मुरगळली की राक्षस मेलाच पाहिजे, त्याशिवाय मजा नाही. मुलांनी खेळावं, घाबरावं, जिंकावं. फक्त राक्षसाचा जीव ठेवायला जागा शोधताना ती वस्तू आधी कुणाच्या दंडावर होती, एवढं विचारायची सवय त्यांना आपण लावू शकतो. पोपट आहे, पिंजरा आहे, बरणी आहे. राक्षसाला जागा कमी नाही.