प्लॅटिनम : हौस की ठेव?

सिल्व्हर ज्युबिली, गोल्डन ज्युबिली आणि त्याच्याही वर प्लॅटिनम ज्युबिली, हा क्रम कानांना इतका सवयीचा झालाय की प्लॅटिनम म्हणजे सोन्यापेक्षा महाग, असं आपण धरूनच चालतो. एके काळी ते खरंही होतं. २००८ च्या सुरुवातीला जागतिक बाजारात प्लॅटिनमचा भाव सोन्याच्या दुपटीवर गेला होता. पण २०१५ पासून पारडं फिरलं. सोनं पुढे गेलं आणि प्लॅटिनम मागे राहिलं.

आमच्या घरात हा विषय निघाला तो आतेबहिणीचं लग्न ठरल्यावर. आत्याचं कुटुंब कित्येक वर्षं बंगळुरूचं. मुलगी तिथेच कंपनीत नोकरीला. सोन्यासाठी बाजूला काढलेल्या पैशांत अंगठ्या, बांगड्या, गळ्यातलं, सगळं प्लॅटिनमचंच करायचं, असं तिने जाहीर केलं. "ताई, ऑफिसात पिवळंधमक कोण घालतं गं?" हा तिचा सवाल. आत्या रागावली नाही. एवढंच म्हणाली, "हौसेनं कर. पण उद्या मोडायला नेलंस तर हातात काय पडेल, ते आधी विचारून ये."

आत्याच्या या वाक्यामागे तिच्या पाटल्या होत्या. बनशंकरीत घराची साइट घ्यायची वेळ आली (जागेच्या प्लॉटला तिकडे साइट म्हणतात), तेव्हा तिच्या चार पाटल्या आणि गोठ एका दुपारीत रोकड झाले होते. आज ती ज्या घरात राहते, त्याचा पाया त्या पाटल्यांवर उभा आहे. स्त्रीधन या शब्दाचा अर्थ तिला कुणी शिकवावा लागला नाही.

तर आम्ही दोघी विचारायला निघालो. ॲव्हेन्यू रोडच्या मागे नगरतपेटच्या अरुंद गल्ल्या आहेत. वरच्या मजल्यांवर सोनारकामाच्या खोल्या, दारात मातीसुद्धा जपून झाडतात. तिथल्या एका वयस्क कारागिराने मुलीच्या हातातली नमुन्याची अंगठी फिरवून पाहिली आणि हसून परत दिली. सोनं १,०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, प्लॅटिनमला १,७६८ अंश लागतात. सोनाराच्या नेहमीच्या फुंकणीचं ते काम नव्हे. वेगळी भट्टी, वेगळी मूस आणि त्यात हात बसलेला माणूस हवा. म्हणून घडणावळ जास्त. बोट जाड झालं, अंगठी सैल करायची आहे, तरी बहुतेक दुकानदार ती कारखान्याकडे पाठवतात.

शिवाय प्लॅटिनम जड. बावीस कॅरटची पाच ग्रॅमची अंगठी त्याच मापात प्लॅटिनमची केली, तर ती पावणेसहा ग्रॅमच्या आसपास भरते. भाव कमी असूनही बिल का फुगतं, याचं निम्मं उत्तर इथे मिळतं.

गुण मात्र कबूल करायलाच हवेत. दागिन्यात साधारणपणे ९५ टक्के शुद्ध प्लॅटिनम असतं, आत 'पीटी ९५०' असा ठसा असतो. घामाने, पाण्याने ते काळवंडत नाही. 'व्हाइट गोल्ड' म्हणून मिळतं ते सोन्यात दुसरे धातू मिसळून, वर बहुधा ऱ्होडियमचा मुलामा देऊन पांढरं केलेलं असतं. मुलामा झिजला की पिवळी झाक डोकावते. प्लॅटिनम आतून-बाहेरून पांढरंच. ओरखडे उठतात, पण धातू झडून जात नाही, नुसता सरकतो. हिरा धरून ठेवायला याच्यासारखी पकड नाही. जगाचा प्रमाण किलोग्रॅम १८८९ ते २०१९ पर्यंत प्लॅटिनम-इरिडियमचाच होता, तो काही उगाच नाही.

गंमत अशी, की एवढं करून ते दिसतं स्टीलसारखं! बंगळुरूला हे सांगायला नको. १९६१ मध्ये याच शहरात जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने एचएमटीने मनगटी घड्याळं बनवायला घेतली आणि पांढरं, स्टीलचं घड्याळ घराघरांत पोचवलं. (२०१६ मध्ये सरकारने ती कंपनी बंद करायचं ठरवलं, तेव्हा अनेकांनी कपाटातलं 'जनता' काढून पुन्हा किल्ली दिली असेल.) लाखो रुपयांचं प्लॅटिनमचं घड्याळ दोन हातांवरून पाहिलं तर त्याच्याशी गल्लत व्हावी! म्हणूनच पाटेक फिलिप आपल्या प्लॅटिनमच्या घड्याळात सहाच्या आकड्याखाली, कडेला एक बारीक हिरा बसवते आणि रोलेक्स फिकट निळी तबकडी प्लॅटिनमसाठीच राखून ठेवते. जाणत्याला कळावं म्हणून.

आता आत्याचा प्रश्न. दोन-तीन पेढ्यांवर विचारलं. सोन्याच्या मोडीचं उत्तर काउंटरवरच्या पोऱ्याने दिलं. प्लॅटिनमसाठी मॅनेजरला बोलावलं गेलं. आमच्याकडूनच घेतलेलं असेल, कार्ड आणि बिल असेल, तर घेऊ, घडणावळ सोडून, शिवाय घट वेगळी. दुसऱ्या दुकानातलं? "बघावं लागेल मॅडम." सोन्याच्या हॉलमार्किंगची सक्ती २०२१ पासून टप्प्याटप्प्याने आली, प्लॅटिनमला तशी सक्ती नाही. आणि अडीनडीला बँक सोनं तारण घेते, प्लॅटिनमची बांगडी घेऊन गेलात तर कारकून चष्मा वर करून पाहील.

आपली माणसं याबाबतीत हट्टी आहेत, आणि माझ्या मते त्यात वावगं काही नाही. बंगळुरूच्याच टायटनने नव्वदच्या दशकात तनिष्कची दुकानं काढली, तेव्हा सुरुवातीला अठरा कॅरटचे नाजूक दागिने मांडले. गिऱ्हाईक बघून परत जाई. शेवटी कंपनीला बावीस कॅरटकडे वळावं लागलं आणि सोन्याची शुद्धता लोकांसमोर मोजून दाखवणारं यंत्र दुकानात ठेवावं लागलं.

घरी परतताना रिक्षात आतेबहीण गप्प होती. रात्री तिने वहीत दोन रकाने केले. 'घालायचं' या रकान्यात दोघांच्या प्लॅटिनमच्या अंगठ्या, ते पैसे तिच्या पगारातून. 'ठेवायचं' या रकान्यात बावीस कॅरटच्या हॉलमार्कच्या बांगड्या, घरच्या पैशांतून, आणि त्यांची बिलं तिच्याच नावावर. आत्याने वही वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "बांगड्यांचा घाट कुठला घ्यायचा?"