खाऱ्या समुद्रातली गोडी अमानत

कोचीहून जहाजाने आम्ही लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर उतरलो. 36 बेटे, सगळी मिळून जमीन जेमतेम 32 चौरस किलोमीटर. वस्ती 10 बेटांवर, बहुतेक सारी मुस्लिम. इथे नदी नाही. पावसाचे पाणी प्रवाळाच्या वाळूत मुरते आणि जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत राहतो. विहिरीतून बेताने शेंदले तर तो टिकतो; पंपाने उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर चढते. शौचखड्ड्यांची घाणही याच थरात झिरपते.

म्हणून 2005 मध्ये इथे समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प आला, रोज 1 लाख लिटरचा. पण तो चालवायला वीज लागते आणि विजेसाठी डिझेल जहाजातूनच यावे लागते.

वाहत्या नदीकाठीही वुजूला पाणी वाया घालवू नये, ही पैगंबरांची (स.) शिकवण आम्ही वर्गात सांगतो. नदीच नसलेल्या बेटावर तिचा अर्थ अधिक उमगला. पर्यटन वाढावे, रोजगार मिळावा, हे खरेच. मात्र प्रत्येक नव्या हॉटेलाआधी एक प्रश्न विचारायला हवा : त्याचे पाणी कोणाच्या विहिरीतून येणार?