पाडव्याच्या संध्याकाळी वसईत

२०२४ सालच्या दिवाळीत आमच्या दारी आकाशकंदील नव्हता. श्रावणात आई गेली होती, आणि वर्ष सरेपर्यंत सण करायचा नाही ही आमच्या घरची रीत. पाडव्याच्या सकाळी घर इतके गप्प होते की घड्याळाची टिकटिकही नकोशी वाटू लागली. तेवढ्यात कॉलेजातल्या एका स्नेह्याचा फोन आला. "आज दोन नोव्हेंबर. संध्याकाळी वसईला या. आईनेही बोलावले आहे." हे गृहस्थ भूगोल शिकवतात, वसईचे ख्रिस्ती. त्यांचे वडील त्याच वर्षी मे महिन्यात वारले होते.

वसई रोड स्टेशनात उतरले की प्रथम भेटते ती मुंबईच! त्याच उंच इमारती, तीच रिक्षांसाठी धावपळ. पण रिक्षा पश्चिमेला निर्मळच्या वाटेला लागली, की हळूहळू जुनी वसई डोके वर काढते. केळीच्या बागा, पानवेली, सोनचाफा आणि वळणावळणावर पांढरा क्रूस. १५३४ मध्ये हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी तो जिंकला, एवढे आपण शाळेत पाठ केलेले असते. किल्ला सर झाला की आपला धडा संपतो. त्यानंतरही इथेच राहिलेली, इथलीच बोली बोलणारी ख्रिस्ती माणसे त्या धड्यात येत नाहीत. १९६२ ते ६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन मागे पडली आणि यांची मिस्सा मराठीत होऊ लागली.

स्नेह्यांच्या घरी सुकेळी आणि चहा झाला. मी विचारले, "आज नेमके काय असते?"

ते म्हणाले, "आजच्या दिवसाआधी कालचा दिवस समजून घ्यायला हवा. काल सर्व संतांचा सण. स्वर्गात पोचलेल्या सगळ्यांचा, ज्यांची नावेही कुणाला ठाऊक नाहीत त्यांचासुद्धा. आमच्या वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया त्यांच्यातलेच. १५९७ मध्ये जपानात नागासाकीला त्यांना क्रुसावर मारले. १८६२ मध्ये पोपनी संत म्हणून जाहीर केले. काल चर्चमध्ये येशूचे डोंगरावरचे प्रवचन वाचतात. छळ सोसणाऱ्यांनाही आनंद करायला सांगून ते स्वर्गातल्या प्रतिफळापाशी येऊन थांबते. आणि आजचा दिवस उरलेल्या सर्व मृतांचा. ते अजून वाटेवर असतील तर त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. दहाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या क्लूनी मठाचे प्रमुख ओदिलो यांनी हा दिवस लावून दिला."

दिवेलागणीला आम्ही दफनभूमीकडे निघालो. मी मनाशी स्मशान धरून चाललो होतो. फाटकापाशी पाय थबकले. झेंडू आणि शेवंतीने एकूण एक कबर झाकलेली, आणि प्रत्येकीवर मेणबत्त्या! लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या, बाबागाड्या घेऊन आलेल्या सुना, मेण टिपायला धावणारी पोरे. मिस्सा झाल्यावर फादर पवित्र पाणी शिंपडत फिरले. कुणी डोळे पुसत होते, कुणी शेजारच्या कबरीवरची विझलेली वात आपल्या मेणबत्तीने पेटवत होते.

स्नेह्यांच्या आई नवऱ्याच्या कबरीपाशी खाली बसल्या होत्या. मी न राहवून विचारले, "आई, पहिलेच वर्ष ना? हे सगळे करताना रडू येत नाही?"

त्या आपल्या बोलीत बोलल्या. मुलाने मला समजावून सांगितले. "येते की! पण तो तिकडे सणाला गेला आहे. मी इकडे अंधार करून बसले तर त्याला काय वाटेल?"

"तिकडे भेट होईल याची खात्री आहे?"

म्हातारी माझ्याकडे बघून हसली. "डोळ्यांनी पाहिले असते, तर त्याला आशा कशाला म्हटले असते, बाळा?"

परतीच्या गाडीत खिडकीबाहेर घराघरांवरचे कंदील पळत होते. त्या माउलीची श्रद्धा माझी नव्हे, आणि एका संध्याकाळीत ती उसनी घेता येत नाही, हे मला कळत होते. पण वर्गात अनेकदा सांगितलेली एक गोष्ट आठवली. आपल्याकडेही आश्विन अमावास्येला पितरांना वाट दिसावी म्हणून उल्का दाखवण्याची जुनी चाल आहे. आकाशदिव्याचा संबंधही पितरांशी जोडतात. म्हणजे गेलेल्या माणसासाठीच जो लावायचा, तो दिवा आम्ही माणूस गेले म्हणून काढून ठेवला होता!

घरी पोचायला साडेदहा वाजले. फराळ नाही, फटाके नाहीत. रीत मी मोडली नाही. फक्त माळ्यावरून कंदील उतरवला, धूळ पुसली आणि आईच्या खोलीच्या खिडकीत लावला. धाकटी झोपेतून उठून आली आणि विचारू लागली, "आजीसाठी का?"

मी "हो" म्हणालो.