सोन्यांतला हिरवा तुकडा

आश्विन सरत आला म्हणजे शहरवासी मनुष्यास कोंकणची आठवण होते. त्यांतून तो प्राध्यापक असेल आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे नुकतेच हातावेगळे झाले असतील, तर ती आठवण विशेष प्रबळ होते. यंदां दिवाळीच्या सुटींत आम्ही चिपळुणाकडे गेलों, तो केवळ वाशिष्ठीचें दर्शन घ्यावें या हेतूनें. जवळच्याच एका खेड्यांत आमचें वडिलार्जित घर व पाऊण एकर भातशेती आहे. पण शेतीच्या कामासाठीं गेलों होतों असें म्हटलें, तर तें खोटें होईल.

परशुराम घाटाच्या माथ्यावरून वाशिष्ठी जशी दिसते, तशी ती खालीं उतरल्यावर दिसत नाहीं. वळणें घेत दाभोळच्या खाडीकडे निघालेली नदी, पलीकडे गोवळकोटची टेकडी, आणि दोहों तीरांस पिकलेलें भात! हीच नदी 22 जुलै 2021 रोजीं चिपळूण शहर बुडवून गेली, हें त्या शांत प्रवाहाकडे पाहून खरें वाटत नव्हतें. तिचें पाणीही सर्वस्वीं तिचें नव्हे. कृष्णेस मिळून पूर्वसमुद्रास जावयाचें कोयनेचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून, पोफळीच्या बाजूनें हिच्यांत येतें; म्हणून भर उन्हाळ्यांतही ही वाहती राहते.

त्या पिवळ्या विस्तारांत मधूनमधून गर्द हिरवे तुकडे होते. त्यांनीं चित्रास केवढी शोभा आणिली आहे, यावर आम्हीं मोटार हांकणाऱ्यास एक छोटेंसें व्याख्यान ऐकविलें. त्यानें तें निमूटपणें ऐकून घेतलें.

गांवीं पोहोंचलों तेव्हां शेजाऱ्याच्या खाचरांत कापणी चालली होती. कापलेल्या मुठी वाळण्यासाठीं उन्हांत पसरल्या होत्या. तिसऱ्या प्रहरीं सह्याद्रीच्या बाजूनें एक काळा ढग वर चढला. त्याची कड उन्हानें उजळलेली होती. ती पाहत आम्ही बांधावर उभे राहिलों. इतक्यांत शेजारी ओरडला, “भाऊ, बघतां काय? भारे उचला!”

कापलेलें भात भिजलें तर दाण्यांस मोड येतात व पेंढा काळा पडतो. त्याच्या घरचीं तीन माणसें व आम्ही मिळून भारे पडवींत आणूं लागलों. वर्ड्‌स्वर्थची कापणी करणारी एकाकी मुलगी आम्ही तीस वर्षें वर्गांत शिकवीत आलों. कवीस ती एका मित्राच्या प्रवासवर्णनाच्या हस्तलिखितांत भेटली होती. आम्हांस ती कवींत भेटली. भाताच्या पातीनें मान खाजते, हें मात्र त्या दिवशीं प्रथम कळलें.

पाऊस आला तेव्हां निम्मे भारे बाहेरच होते. पडवींत बसल्यावर शेजारी म्हणाला, “पावसाचं एक बरं, तो कधीं तरी येतो. डुकरं रोज येतात. दिवसां तुमच्या रानांत दडतात, रातीं आमच्या भातांत उतरतात.”

आम्हीं समोर पाहिलें. घाटावरून दिसलेल्या हिरव्या तुकड्यांपैकीं एक आमचा होता.

वडील होते तोंवर ते मजूर लावून भात पिकवीत. त्यांच्यामागें, पंधरा वर्षांपूर्वीं, याच शेजाऱ्यानें ती जमीन कसण्यास मागितली होती. 1948 च्या कूळकायद्यानें कसणाऱ्यास जमीन मिळाली हें न्याय्यच झालें, असें आम्ही सभांतून सांगत आलों. परंतु प्रश्न आपल्या पाऊण एकराचा निघाला, तेव्हां ‘कूळ लागेल’ या भीतीनें आम्हीं “पाहूं” इतकेंच उत्तर दिलें. तें पाहणें पंधरा वर्षें चाललें. आमची मालकी शाबूत राहिली. तिचा सारा शेजाऱ्यानें आपल्या लोंब्यांत भरला.

निघतांना आम्ही संकोचून म्हणालों, “पुढल्या मृगास आमचीं खाचरें तुम्ही नांगरा. कागदपत्राचें काय तें आम्ही करून देऊं.”

तो कांहीं वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, “मागितली तेव्हां पोरगा घरांत होता, भाऊ. आतां तो मुंबईला नोकरीस. एवढं रान माझ्या एकट्याच्यानं तुटायचं नाहीं. त्याला विचारतों.”

परततांना घाटमाथ्यावर मोटार हांकणाऱ्यानें आपण होऊनच गाडी थांबविली. खालीं नदी होती, सोनें होतें, हिरवे तुकडेही होते. त्यांतला आमचा आम्हीं शोधून काढिला; व्याख्यान मात्र दिलें नाहीं. शेजाऱ्याच्या मुलाचें उत्तर अद्यापि आलेलें नाहीं.